विहीर आमची, अहवाल मात्र त्यांच्या फायलीत

औद्योगिक वसाहतीच्या नाल्यालगत असलेल्या आमच्या विहिरीचे पाणी गेल्या उन्हाळ्यात तांबूस झाले, त्यात डाळ शिजेनाशी झाली आणि हंड्याच्या तळाशी पिवळट साका बसू लागला. तक्रार अर्ज दिल्यावर अधिकारी आले आणि पंचनामा करून पाण्याचे नमुने घेऊन गेले. इथवर काहीच अडले नाही.

अडले ते अहवालापाशी. तो मागायला गेलो की आधी ‘अप्राप्त’, मग ‘वरिष्ठांकडे सादर’ आणि शेवटी ‘तक्रारदाराला अहवाल देण्याची पद्धत नाही’, अशी उत्तरे मिळत गेली. जे पाणी माझी आई रोज पीत होती, त्यात काय मिसळले आहे हे आम्हालाच कळू दिले जात नव्हते, याचा संताप आजही शमलेला नाही. अखेर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. त्यात ‘काय कारवाई केली’ असे मोघम न विचारता पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्यावरील टिपणी यांच्या साक्षांकित प्रती मागितल्या. 30 दिवसांची मुदत उत्तराविना उलटली, म्हणून 20 रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केले. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी फाईल मागवली, तेव्हा अहवाल तिच्यात लावलेलाच होता आणि त्यावरची तारीख माझ्या माहिती अर्जाच्याही आधीची होती.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 आहे. आमचे पाणी त्याहीपलीकडे गेले होते. पाण्याच्या टँकरच्या मागणीला हा अहवाल जोडल्यावरच टँकर सुरू झाला.

ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवणार असाल, तर सोबतच्या पत्रात ‘रासायनिक तपासणी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि जड धातू व सीओडी (पाण्यातील प्रदूषक द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागतो याचे माप) यांची तपासणी वेगळी मागावी, कारण केवळ जैविक तपासणीत रसायनमिश्रित पाणीही ‘पिण्यास योग्य’ ठरू शकते. कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून मगच भरावा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी पाण्याचा रंग आणि वास त्यात नोंदवला आहे का, हे पाहावे.

आणखी एक महत्त्वाचे. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे त्याच्या कायद्याच्या कलम 14 खाली अर्ज करण्याची मुदत वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची असते आणि पुरेसे कारण दाखवल्यास फार तर 60 दिवस वाढवून मिळतात. त्यामुळे अहवालासाठी कार्यालय थांबवून ठेवत असेल, तर माहिती अर्ज पहिल्याच टोलवाटोलवीनंतर टाकावा.