साखर नॉर्मल, ट्रायग्लिसराइड 286: माझा बारा आठवड्यांचा अनुभव

उपाशीपोटी साखर 94, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 5.5. दोन्ही ठीक. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र 286, खूपच जास्त, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 36, कमी. दारू नाही, थायरॉइडही जागेवर. असा रिपोर्ट आला की घरोघरी पहिला दोष तुपाला जातो. मी तूप होतं तेवढंच ठेवलं आणि साखर मोजायला घेतली.

साखरेचा रेणू म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीरात वाटलं जातं. फ्रुक्टोजचा मोठा भार यकृतावर पडतो. तिथे ग्लुकोजच्या वापरावर जो लगाम आहे, त्याला वळसा घालून ते पुढे सरकतं आणि जास्त झालं की यकृत त्याची चरबी बनवतं. ही चरबी व्हीएलडीएल नावाच्या चरबी वाहणाऱ्या कणांत भरून रक्तात येते, आणि उपाशीपोटीच्या रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड म्हणजे बहुतांशी तीच. ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो, त्याला यातलं काही दिसत नाही. म्हणून तर फ्रुक्टोज एकेकाळी मधुमेहींची साखर म्हणून खपायचं.

पहिला आठवडा काहीही न बदलता नुसतं मोजलं. अंदाज इथेच चुकतात. सपाट चमचा 4 ते 5 ग्रॅमचा, पण शीग लावून भरला की 7 च्या आसपास जातो. पातेल्यात सगळ्यांचा चहा एकत्र उकळत असेल तर आपल्या वाट्याला किती आली ते कळतच नाही. म्हणून चहा बिनसाखरेचा उकळायचा, साखर आपापल्या कपात. माझे चार कप, 10 ग्रॅमप्रमाणे 40. सकाळचं मध-लिंबू पाणी 16. जेवणानंतरचा गुळाचा खडा 14. दुपारचं 200 मिलीचं फळांच्या पेयाचं पाकीट 26. बेरीज 96 ग्रॅम, त्यात फ्रुक्टोज अंदाजे 48. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 2000 कॅलरींच्या आहाराला 50 ग्रॅम साखर, जमल्यास 25. मध आणि फळांचा रस त्यातच धरायचा. मिठाईचा एक तुकडाही न खाता मी जवळजवळ दुप्पट होतो.

पाकीट आणि मध पहिल्याच दिवशी बंद केले, त्याला काही लागत नाही. चहा मात्र एकदम बिनसाखरेचा करू नये. मी केला, आणि चौथ्या दिवशी बिस्किटं दुप्पट झाली. मग दर आठवड्याला कपामागे 2 ग्रॅम कमी: 10, 8, 6, शेवटी 5. आलं जरा जास्त ठेचून घातलं की 6 वरचा चहाही फिका लागत नाही. चार कपांचे दोन कप केले, तेही हळूहळू, नाहीतर डोकं धरतं.

सगळ्यात मोठी फसगत गुळाची. गूळ म्हणजे थोड्या खनिजांसकट साखरच. मधात फ्रुक्टोज साधारण 40 टक्के. खजुराच्या लाडवात साखर घातलेली नसते हे खरं, पण खजूर स्वतःच निम्म्याहून जास्त साखर असतो. उपवासाच्या दिवशी राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर मिळून आठवडाभराची बचत बुडते. उन्हाळ्यात कोकम सिरपऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणलं, त्यात साखर नसते. पण मीठ भरपूर, बीपी असेल त्याने जपून. पाकिटावर ‘अ‍ॅडेड शुगर’चा आकडा पाहावा आणि घटकांत इन्व्हर्ट सिरप (ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं केलेला साखरेचा पाक), फ्रुक्टोज सिरप शोधावं. लिक्विड ग्लुकोजमध्ये फ्रुक्टोज जवळजवळ नसतं, तरी ती साखरच.

फळं मी सोडली नाहीत. 150 ग्रॅमच्या सफरचंदात फ्रुक्टोज 9 ग्रॅमच्या आसपास, पण चोथ्यासकट, चावून, सावकाश पोटात जातं. थोडं थोडं आलेलं फ्रुक्टोज लहान आतडंच बरंचसं हाताळतं, असं 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. एक हापूस कापून खाणं वेगळं आणि तीन आंब्यांचा रस वर साखर घालून वाटी-वाटी पिणं वेगळं.

दुसरी चूक पाचव्या आठवड्यात लक्षात आली. साखर कमी झाली म्हणून भाताची मूद वाढली होती. जादा पिठूळ खाणंही यकृतात चरबीच्याच वाटेला लागतं. भात पूर्वीइतका केला, वर मूठभर भाजके दाणे आणि उसळ.

तपासणी त्याच लॅबमध्ये, 12 तास उपाशी, आदल्या रात्री नेहमीचं जेवण. लग्नाच्या पंगतीनंतर दोन दिवसांत रक्त देऊ नये. ट्रायग्लिसराइड एरवीही 20 टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे एका आकड्यावर नाचू नये. मी आठवड्याच्या अंतराने दोनदा दिलं: 178 आणि 164. एचडीएल 38, म्हणजे फारसं हललं नाही. युरिक अ‍ॅसिड 7.4 वरून 6.7, फ्रुक्टोज जाळताना तेही वाढतं. वजन तीन किलोंनी उतरलं, तेव्हा सगळं श्रेय फ्रुक्टोजला देता येणार नाही.

आकडा 500 च्या वर असेल तर हे प्रयोग नंतर. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, आधी डॉक्टर आणि औषध. आणि 400 च्या पुढे हिशेबाच्या सूत्राने काढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, भरवशाचं नसतं. तेव्हा लॅबला थेट मोजलेलं एलडीएल मागावं.