पातळी वर, पाणी कमी

वडोदऱ्याजवळच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजकेंद्रात तेव्हा मी कंट्रोलचं काम बघायचो. बॉयलर कोळशावरचा, 65 बारचा. कलाभवनातून, म्हणजे वडोदऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, नुकताच बाहेर पडलेलो, त्यामुळे अंगात गणित सळसळत होतं. बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे उकळत्या पाण्यातून वाफ वेगळी होते त्या टाकीत, पाण्याची पातळी राखायला मी इष्टतम नियंत्रणाचा प्रोग्राम बसवला होता. पातळी शून्यावरून, म्हणजे ठरलेल्या खुणेवरून, ढळली की किती दंड आणि फीडचा, म्हणजे ड्रममध्ये जाणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह हलवला की किती, एवढं आपण ठरवायचं; एकूण दंड कमीत कमी ठेवायचं काम प्रोग्रामचं. पातळीचा दंड मी जबर लावला होता. आलेखावर पातळीची रेघ अशी सरळ यायची की साहेबांनी प्रिंट काढून भिंतीवर लावली.

आषाढातली दुपार होती. ओला कोळसा बंकरमध्ये अडकत होता, खाली हातोडे चालू होते. तेवढ्यात बाहेरची लाइन गेली. कारखान्याचा सगळा लोड आमच्या एकट्या जनरेटरवर आला, टर्बाइनने वाफ ओढली, प्रेशर 61 वर आलं. आणि ड्रमची पातळी? चक्क वर! 20 मिलिमीटरवरून 110. माझ्या प्रोग्रामने लगेच फीड आवळला.

पॅनेलवरचे काका दांडिया बाजारातले, पहिल्या वर्गाचे बॉयलर अटेंडंट. डबा बाजूला सारून त्यांनी व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेतला आणि सरळ उघडला. वॉकीवर खालच्या माणसाला गुजरातीत ओरडले, "पाणी ओछुं ना करतो!" पाणी कमी करू नकोस.

"काका, पातळी वर आहे! टर्बाइनमध्ये पाणी जाईल!"

"अरे, पाणी कुठलं? बुडबुडे फुगलेत नुसते. प्रेशर बघ ना."

खरंच होतं. प्रेशर उतरलं की उकळत्या पाण्यातली वाफ फुगते आणि पातळी वर ढकलते; ड्रममधलं पाणी मात्र त्याच वेळी कमी होत असतं. मिनिटभरात आकडा कोसळू लागला: 60, शून्य, उणे 70. उणे 90 ला टेकला. ट्रिप, म्हणजे बॉयलर आपोआप बंद पडणं, उणे 200 ला होता. काका पोळीचा तुकडा हातात धरूनच बसले होते.

माझ्या मॉडेलमध्ये ड्रम म्हणजे बादली होती: आलं ते वजा गेलं ते. जुन्या थ्री-एलिमेंट कंट्रोलला पातळीबरोबर वाफेचा आणि फीडचा फ्लोही दिसायचा. मी हुशारीने वाफेचा सिग्नल काढून टाकला होता, गणित सुटसुटीत व्हावं म्हणून!

रात्री थांबून तो सिग्नल परत जोडला, मॉडेलमध्ये फुगवटा घातला, पातळीचा दंड उतरवला. रेघ मग जरा वाकडी यायला लागली. भिंतीवरचा प्रिंट मीच काढला. काकांनी त्यावर डबा ठेवायला सुरुवात केली.