बीबी का मकबरा : चारी बाजूंनी बाग

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहून आलेली माणसे ‘ताजमहालाची नक्कल’ एवढेच सांगून मोकळी होतात, याचे मला फार वाईट वाटते. गेल्या आठवड्यात मी तिथे सकाळपासून दुपारपर्यंत रमलो आणि ते वाईट वाटणे अधिकच वाढले.

दक्षिणेच्या प्रवेशद्वारातून घाईने आत शिरू नये. दाराच्या लाकडावर जडवलेल्या पितळी पत्र्यावरची वेलबुट्टी हाताच्या अंतरावरून पाहण्यासारखी आहे आणि वास्तुरचनाकार अताउल्ला व अभियंता हंसपत राय यांचा उल्लेख असलेला लेखही याच दारावर आहे. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. त्यामुळे साम्य दिसणारच. पण ताजमहाल बागेच्या टोकाला, नदीकाठी उभा आहे, तर इथे सुमारे 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद आवाराच्या मधोमध मकबरा असून बाग त्याच्या चारी बाजूंना पसरलेली आहे. कारंज्यांच्या पाटाकडेने चालत मकबऱ्यापाशी पोहोचल्यावर बहुतेक लोक छायाचित्रे काढून परततात. मी मात्र वळसा घालून मागे गेलो, तेव्हा उत्तरेला लेण्यांचा डोंगर आणि त्याच्यासमोर तोच घुमट, अशी दोन्ही एकाच नजरेत आली.

भिंतीचा खालचा पट्टा संगमरवरी आहे, त्याच्या वर घुमटाच्या पायथ्यापर्यंत आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. याला काटकसर म्हणून हिणवले जाते; परंतु त्या गिलाव्यात उठवलेली फुले-पाने जवळून पाहिली, तर कारागिराचा हात कुठेही आखडलेला दिसत नाही.

आत दिलरास बानू बेगमची, म्हणजे औरंगजेबाच्या पत्नीची, कबर खालच्या पातळीवर असून ती वरून, संगमरवरी जाळीपलीकडे डोकावून पाहावी लागते. लोकांनी टाकलेली नाणी तिथे विखुरलेली होती. ही इराणच्या सफवी राजघराण्यातली स्त्री 1657 मध्ये, मुलगा अकबर जन्मल्यानंतर महिनाभरातच, वारली. तोच शहजादा अकबर पुढे बापाविरुद्ध बंड करून 1681 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, पालीजवळ राहिला आणि अखेर 1687 मध्ये समुद्रमार्गे इराणला, म्हणजे आपल्या आजोळच्या मुलखात, निघून गेला. आपल्या शाळेच्या इतिहासात तो बंडखोर शहजादा म्हणून येऊन जातो. ज्या आईला त्याने कधी ओळखलेही नाही, तिच्या कबरीकडे पाहताना मला पहिल्यांदाच तो कुणाचे तरी पोरके लेकरू वाटला आणि मी जाळीपाशी बराच वेळ उभा राहिलो.