जुने व्हीएसटी ठेवायचे की बदलायचे: इंदूरच्या ४६ प्रोजेक्टांची नोंद, भाग दुसरा

व्हीएसटी म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, म्हणजे प्लगिन, ज्या फॉरमॅटमध्ये येतात तो. जुन्या संगणकावरचे प्रोजेक्ट नव्यावर नेताना आजची स्थिती अशी: ४६ पैकी २९ प्रोजेक्ट गोठवून (ट्रॅकच्या कायमच्या ऑडिओ फाइली करून) झाले, ११ नव्या फॉरमॅटवर गेले, ६ अडकलेत. सगळे रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले आहेत. नाट्यपदं, अभंग आणि भावगीतांचे साथीचे ट्रॅक, म्हणजे इथल्या मंडळांच्या गणेशोत्सवात दरवर्षी कुणी ना कुणी मागतंच असं साहित्य. जुना संगणक विंडोज ७ चा, नवा विंडोज ११ चा. श्रावणात तालमी सुरू होतात, त्याआधी हे संपवायचं आहे.

पहिल्या भागानंतर आलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: ‘व्हीएसटी२’ म्हणजेच ‘३२-बिट’, असा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीएसटी आलं १९९६ मध्ये, व्हीएसटी२ १९९९ मध्ये, व्हीएसटी३ २००८ मध्ये. ऑक्टोबर २०१८ पासून व्हीएसटीच्या निर्मात्या स्टाइनबर्गने व्हीएसटी२ साठी नवे करार देणं थांबवलं आणि जानेवारी २०२२ मध्ये आपल्या होस्टांमधूनही (होस्ट म्हणजे प्लगिन चालवणारं सॉफ्टवेअर) ते काढण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हीएसटी३ एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुलं झालं, त्यामुळे नवीन काम सगळं तिकडेच जाणार हे स्पष्ट आहे. पण यातल्या कशानेही तुमच्या डिस्कवरचं ६४-बिट व्हीएसटी२ प्लगिन बंद पडत नाही. रीपरबरोबर येणारा रिॲकॉम्प हा कंप्रेसर (आवाजाची चढउतार आवळणारं प्लगिन) विंडोजवर आजही व्हीएसटी२ च आहे. तो बदलण्याचं काहीही कारण नाही.

खरा धोका ३२-बिटचा, म्हणजे जुन्या ३२-बिट यंत्रणेसाठी लिहिलेल्या प्लगिनांचा आहे. क्यूबेस ९ ने २०१६ मध्ये, एबलटन लाइव्ह १० ने २०१८ मध्ये आणि मॅकओएस कॅटालिनाने २०१९ मध्ये ३२-बिटला दार बंद केलं. रीपर ते अजून ब्रिज नावाच्या मधल्या प्रोग्रामातून चालवतो, पण प्रत्येक ब्रिज ही वेगळी प्रक्रिया असते. ती कोसळली की त्या ट्रॅकचा आवाज रेंडरच्या (ऑडिओ फाइल काढण्याच्या) मध्येच जातो, आणि पूर्ण फाइल ऐकल्याशिवाय ते कळत नाही. शिवाय ३२-बिट प्रक्रियेला फार तर ४ जीबी मेमरी मिळते, आणि जुन्या अनेक प्लगिनांना २ जीबीच. ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणारा मोठा तबला किंवा पियानो तिथेच गुदमरतो.

म्हणून आम्ही फॉरमॅटवरून निर्णय घेत नाही. प्रत्येक प्रोजेक्टला एकच प्रश्न विचारतो: पट्टी बदलणार आहे का? काळी एकमध्ये बांधलेलं पद उद्या बाईंना काळी चारमध्ये गायचं असेल, तर ते सात अर्धस्वर वर जाणार. गोठवलेली हार्मोनियम एखाद-दोन अर्धस्वर सरकवता येते, सात नाही. भाता आणि पट्टीचा खटका दोन्ही खोटे वाटायला लागतात. तबल्याची शाई तर एका अर्धस्वरातच बिघडते. असा प्रोजेक्ट मिडीसकट (मिडी म्हणजे आवाज नव्हे, स्वरांच्या सूचना) जिवंत राहायलाच हवा. आणि जे ट्रॅक दहा वर्षं एकाच पट्टीत वाजले आणि पुढेही तसेच वाजणार, त्यांच्यासाठी प्लगिन शोधत बसू नये. त्यांचे स्टेम (प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल) काढावेत आणि मोकळं व्हावं. २९ चा आकडा त्यातूनच आला.

मोजदादीपासून सुरुवात करा. रीपरची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते. टेक्स्ट एडिटरमध्ये सगळ्या फाइलींत एकदम ‘व्हीएसटी’ने सुरू होणाऱ्या ओळी रोमन लिपीत शोधल्या की प्लगिनचं नाव, फाइल आणि ओळख क्रमांक एकाच ओळीत मिळतात. रिॲकॉम्पपुढे १९१९२४७२१३ दिसेल. हा आकडा म्हणजे ‘आर-ई-सी-एम’ ही चार अक्षरंच, अंकांत लिहिलेली. व्हीएसटी२ ची ओळख एवढीच असते, चार बाइट. व्हीएसटी३ ची सोळा बाइट. कोनी कंसात पुढे जी लांब ओळ ५६५३५४ ने सुरू होते, ती ‘व्ही-एस-टी’ ही अक्षरं, मग ती चार बाइटची ओळख आणि मग प्लगिनचं नाव अशी जोडून केलेली सोळा बाइटची ओळख असते. निर्मात्याने व्हीएसटी३ आवृत्तीला हीच ओळख दिली असेल, तर होस्ट जुन्याच्या जागी नवं प्लगिन स्वतःहून बसवू शकतो. दिली नसेल, तर नाव तेच असलं तरी होस्टसाठी ते दोन अनोळखी प्लगिन आहेत.

डीएलएल, म्हणजे विंडोजवरची प्लगिनची फाइल, ३२-बिट की ६४-बिट हे ओळखायला वेगळं साधन नको. तिची प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या भागात ‘पीई’ ही दोन रोमन अक्षरं शोधा. त्यांच्यानंतर रिकामी जागा सोडून ‘एल’ दिसला तर ३२, ‘डी’ दिसला तर ६४. मात्र सेव्ह करू नका, फाइल खराब होते.

जुनं व्हीएसटी२ काढून टाकून मगच प्रोजेक्ट उघडणं, ही चूक आमच्या एका प्रोजेक्टमध्ये झाली. होस्टने अदलाबदल केली, सेव्ह झालं, आणि जुनी स्थिती गेली. क्रम असा हवा: प्रोजेक्टची प्रत, जुन्या यंत्रावर संदर्भ रेंडर, त्यानंतर नवं प्लगिन, आणि नल टेस्ट (जुना आणि नवा आवाज जुळतो का, ही पुढे दिलेली चाचणी) उतरल्यावरच जुनं काढणं. प्लगिन सापडलंच नाही तर रीपर त्याची साठवलेली स्थिती फेकत नाही, ओळ तशीच ठेवतो. त्यामुळे ‘मिसिंग’ दिसलं म्हणून घाईने ते खोकं डिलीट करू नका.

नल टेस्ट

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा. जुन्या यंत्रावर प्रत्येक ट्रॅक वेगळा रेंडर करा: ४८ किलोहर्ट्झ, ३२-बिट फ्लोट (हा ऑडिओ फाइलचा प्रकार, वरच्या ३२-बिट प्लगिनांशी संबंध नाही), डिदर आणि नॉइज शेपिंग (फाइलीत मुद्दाम मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद. नव्या यंत्रावर व्हीएसटी३ लावून तोच ट्रॅक त्याच सेटिंगवर काढा. दोन्ही फाइली समोरासमोर ठेवा, एकीचा फेज उलटा करा, म्हणजे सारखा आवाज एकमेकांना खोडतो, आणि मास्टरचा मीटर बघा. −१०० डीबीच्या खाली काही उरलं तर आम्ही पास म्हणतो.

नापास झाला तर उरलेल्या आवाजाकडे लक्ष द्या, तो दोष कुठे आहे ते सांगतो. मूळ गाणंच बारीक आवाजात पण सर्व स्वरांत सारखं ऐकू येतंय, साधारण −३९ डीबीवर? मग ०.१ डीबीचा गेनचा फरक आहे, बहुधा आउटपुटच्या बटणाचा. उरलेला आवाज पातळ, पत्र्यासारखा, खर्ज गायब? मग एका सॅम्पलचा उशीर. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल सरकलं की १ किलोहर्ट्झवर −१८ डीबी उरतो आणि १०० हर्ट्झवर −३८, म्हणून खर्ज नाहीसा वाटतो. एक फाइल एकेक सॅम्पल सरकवा. एका जागी मीटर धाडकन खाली येतो. फक्त वरच्या टोकाला सळसळ उरली, तर नव्या आवृत्तीत ओव्हरसॅम्पलिंग (आतून जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) आपोआप चालू झालंय का बघा. तीन प्रोजेक्टांत तेच निघालं.

कोरस, फ्लँजर आणि हलती शेपटी असलेले रिव्हर्ब ही टेस्ट सहसा पास होत नाहीत, कारण त्यांचा एलएफओ (आवाज हलवणारी मंद लाट) बहुधा दरवेळी वेगळ्या जागी सुरू होतो. त्यासाठी जुन्याच प्लगिनचे दोन रेंडर काढून आधी ते एकमेकांशी ताडून पाहा. जुनं स्वतःशीच जुळत नसेल, तर नव्याकडून जुळण्याची अपेक्षा ठेवू नका, तिथे कानानेच ठरवा.

ऑटोमेशन सरकतं ते का

ऑटोमेशन म्हणजे गाणं चालू असताना प्लगिनची बटणं आपोआप फिरवणारी रेषा. व्हीएसटी२ मध्ये पॅरामीटर, म्हणजे असं प्रत्येक बटण, ओळखला जातो तो क्रमाने: शून्य, एक, दोन. व्हीएसटी३ मध्ये प्रत्येकाला स्वतःचा ३२-बिट ओळख क्रमांक असतो. निर्मात्याने नव्या आवृत्तीत मध्येच एक ‘नी’चं (कंप्रेसरचा दाब किती हळुवार सुरू व्हावा याचं) बटण घातलं, की पुढची सगळी रांग एक घर सरकते आणि थ्रेशोल्डची (दाब सुरू होण्याच्या पातळीची) रेषा भलतंच बटण फिरवायला लागते. रीपरमध्ये हे दुरुस्त होतं: प्रोजेक्टच्या प्रतीत प्रत्येक पॅरामीटर एन्व्हलपच्या (ऑटोमेशनच्या रेषेच्या) पहिल्या ओळीत क्रमांक असतो, तो नव्या क्रमाप्रमाणे बदलायचा.

दुसरा दोष जास्त फसवा आहे, कारण लेनवर नाव बरोबर दिसतं. ऑटोमेशन ० ते १ मध्ये साठतं. जुन्या प्लगिनची मर्यादा −६० ते ० डीबी असेल तर −२० म्हणजे ०.६६७. नव्याची मर्यादा −८० ते ० केली असेल तर त्याच ०.६६७ चे होतात −२६.७ डीबी. कंप्रेसर सात डीबी आधीच दाबायला लागतो आणि गायिकेचा आवाज बसल्यासारखा वाटतो. रेषेचे बिंदू नव्या मर्यादेत मोजून लिहावेत. −२० साठी इथे ०.७५ लागेल.

मींड, भाता आणि व्हीएसटी३

भारतीय साथीसाठी खरी अडचण इथे आहे, आणि पाश्चात्त्य साहित्याचं काम करणाऱ्यांना ती सहसा जाणवत नाही. व्हीएसटी३ मध्ये मिडी कंट्रोलर (मींड, भाता यांसारख्या बदलांच्या सूचना) थेट प्लगिनपर्यंत जात नाहीत. प्लगिनने ‘हा कंट्रोलर माझ्या या पॅरामीटरला जोडा’ असं सांगावं लागतं. स्वर वर-खाली ओढणाऱ्या पिच बेंडलाही त्यात स्वतंत्र क्रमांक आहे, १२९. निर्मात्याने ही जोडणी लिहिलीच नसेल तर मींड गायब, स्वर सरळ. सारंगीच्या एका प्लगिनचं असंच झालं. ट्रॅकवर बेंड दिसत होतं, आवाजात नव्हतं.

जोडणी असली तरी एक खोच उरते. स्वर एका यादीतून येतात आणि कंट्रोलर पॅरामीटर बदल म्हणून दुसऱ्या यादीतून. एकाच क्षणी दोन्ही आले तर आधी कोण, हे ठरलेलं नसतं. व्हीएसटी२ मध्ये बेंड आधी पोचायचा, आता कधी स्वर आधी पोचतो आणि आरंभी बारीक हिसका ऐकू येतो. हार्मोनियमच्या भात्यासाठी वापरलेल्या कंट्रोलर ११ चंही तेच. उपाय: अशा सर्व घटना स्वराच्या ५ टिक आधी सरकवणे. मात्रेला ९६० टिकांच्या ग्रिडवर, १२० च्या लयीत, एक टिक म्हणजे २५ सॅम्पल. पाच टिक म्हणजे २.६ मिलिसेकंद. कानाला उशीर जाणवत नाही, हिसका मात्र जातो. विलंबित लयीत टिक लांबतात, तिथे ३ पुरतात.

प्रोग्राम चेंजने (वाद्याची मांडणी बदलणाऱ्या मिडी सूचनेने) मध्येच पंचमाचा तानपुरा मध्यमावर नेणारे दोन प्रोजेक्ट होते. व्हीएसटी३ मध्ये ते भरवशाचं राहिलं नाही. दोन ट्रॅक करून दोन सेकंदांच्या क्रॉसफेडने जोडले, आणि हे मुळापेक्षा चांगलं वाटतं.

ज्या वाद्यांची क्लॅप आवृत्ती मिळते, तिथे आमचा कौल क्लॅपला. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही यांनी आणलेल्या या फॉरमॅटमध्ये स्वर आणि मिडी एकाच यादीत, क्रमाने येऊ शकतात, त्यामुळे वरचा सगळा त्रासच उरत नाही. रीपर क्लॅप चालवतो. कंप्रेसर किंवा ईक्यूसाठी मात्र क्लॅप की व्हीएसटी३ याने काहीच फरक पडत नाही.

गोठवताना

स्टेम ३२-बिट फ्लोट, ४८ किलोहर्ट्झ, सगळे पहिल्या मात्रेपासून, शेवटी १० सेकंद शेपटीसाठी. प्रत्येक ट्रॅकचे दोन: इफेक्टसह आणि इफेक्टविना. फाइलच्या नावात पट्टी, ताल आणि लय लिहावी, मिडीही शेजारीच ठेवावा. स्टीरिओ स्टेमला मिनिटाला २३ एमबी लागतात. सहा मिनिटांचं पद, १८ स्टेम, म्हणजे सुमारे अडीच जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती. सलग तीन तासांहून लांब मैफल असेल तर साधी वेव्ह फाइल ४ जीबीला अडते, तिथे आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ निवडा. इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारी जुन्या यंत्रावर ब्रिज लावून रेंडर करू नका. तापून प्रोसेसर मंदावतो आणि ब्रिज तुटायचं प्रमाण वाढतं. पहाटे चार ते सात ही वेळ निर्धोक ठरली.

उरलेले सहा

हे सहाही सिंथएडिट या प्लगिन बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या मोफत ३२-बिट वाद्यांवर उभे आहेत. ६४-बिट आवृत्ती नाही, आणि पट्टी बदलणार हे नक्की. त्यामुळे वाद्याचेच नमुने घेतोय: चार सप्तकं, दर तिसरा अर्धस्वर, म्हणजे १७ स्वर, प्रत्येकी तीन जोर, ८ सेकंद. एकूण ५१ फाइली, २४-बिट स्टीरिओत सुमारे ११८ एमबी. एसएफझेड या नमुना-वाद्यांच्या फॉरमॅटच्या मजकूर फाइलीत प्रत्येक नमुन्याचा मूळ स्वर, खालची-वरची पट्टी आणि जोराची हद्द लिहायची आणि ती वाजवणाऱ्या सफोर्झांडो प्लगिनमध्ये उघडायची. नमुने घेताना प्लगिनमधला रिव्हर्ब आणि कोरस बंदच हवा, नाहीतर दोन स्वर एकत्र वाजवले की शेपट्या एकमेकींत मिसळून चिखल होतो. हे नमुने स्वतःच्या कामापुरतेच ठेवा. वाटण्याआधी प्लगिनचा परवाना वाचा.

पहिल्या वाद्याचे ३३ नमुने झालेत. मंद्र सप्तकातल्या लूपची (स्वर लांबवायला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची) जोड अजून टिचकी मारते. शून्य-छेदावर (लाट शून्यातून जाते तिथे) कापूनही जात नाहीये, म्हणून ५० मिलिसेकंदांचा लूप क्रॉसफेड लावून पाहणार आहोत.