मोकातला पहिला तास

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई मागे टाकून बस चढणीला लागली, तसा उकाडा ओसरला. मोका गाव जरा उंचावर आहे, पाठीशी ८१२ मीटरचा ल पूस डोंगर. मॉरिशसची महात्मा गांधी संस्था इथलीच, १९७० साली भारताच्या सहकार्याने उभी राहिलेली. पाहुणा शिक्षक म्हणून मला तिथे मराठी शिकवायचं होतं.

वर्गात शिरलो आणि सगळे उठून म्हणाले, “नमस्कार गुरुजी.” आपल्याकडच्या कॉलेजात ही हाक आता कानावर पडत नाही. ही मुलं घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, शाळा इंग्रजीतून शिकतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि एवढं असून मराठी घेतात. बोलणं पुस्तकी, जपून. क्रियापदाचं लिंग चुकलं की बोलणारा स्वतःच थांबायचा, सुधारायचा, मग पुढे जायचा. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

ओळखी चालू असताना मागच्या बाकावरच्या मुलीने वहीतून घडी केलेला कागद काढला. १८३४ पासून पुढे जवळपास पाच लाख माणसं करारावर मजूर म्हणून भारतातून या बेटावर आणली गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ती बोटीत चढली. त्या मजुरांच्या नोंदवह्या याच संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि वंशजांना त्यातला उतारा मिळतो. तिच्या कागदावर तिच्या पूर्वजाचा क्रमांक होता, वय, वडिलांचं नाव, जहाज, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मात्र गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं उतरलेलं.

मी कोकणचा नकाशा सोबत नेला होता. तो टेबलावर पसरला आणि व्याकरण तिथेच राहिलं. सगळी पोरं भोवती वाकली, बोट फिरवत नावं मोठ्याने वाचू लागली: लांजा, राजापूर, संगमेश्वर, देवरुख. एकजण म्हणाला, गाव खाडीच्या काठी असणार. दुसरीला ते पटेना. बराच वेळ वाद झाला. गाव काही नक्की ठरलं नाही.

त्या वादातून घरच्या गोष्टी निघाल्या. एकाची आजी गणपतीत झाकरी म्हणते. “म्हणून दाखव,” म्हटल्यावर त्याने बाकावर ठेका धरला. ही तर आमची जाखडी, कोकणातलं नाचगाणं! काही शब्द झिजलेले, पण ठेका रत्नागिरीच्या अंगणातला. दोघी-तिघींनी लगेच साथ दिली. मघाशी जपून बोलणारी हीच मुलं आता मोकळ्या गळ्याने गात होती.

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे इथल्या मराठीचं तोंडभर कौतुक करून परततात. मला वाटतं, या मुलांना आपण तालुक्यांचे नकाशे पाठवावेत, बोलीतली पुस्तकं पाठवावीत, जाखडीची मंडळं इथे आणावीत. त्यांची भूक खरी आहे.

पुढच्या तासाला प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून एक झाकरी देवनागरीत लिहून आणायची, असं ठरलं. नकाशा मात्र कोणी परत गुंडाळू देईना, म्हणून सगळ्यांना पुरतील एवढ्या झेरॉक्स काढायला आम्ही कार्यालयात गेलो.