चराचा मान

आमच्या वाळवा तालुक्यात पाट आणि चर यांचा मान सारखा नाही. पाटाला पाणी सुटले की गावभर बातमी होते आणि पाळीवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. रानातले जादा पाणी ओढ्याकडे काढून देणारा चर मात्र त्याच रानाच्या खालच्या अंगाला, पाणकणसात तोंड लपवून पडून असतो. पाटाला पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी असतो. चराला ‘चरकरी’ असल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

१९६० च्या दशकात कोयना धरण झाले, कृष्णेला बारमाही पाणी राहू लागले, उपसा योजना आल्या आणि उसाला मोकाट पाणी पाजण्याची आम्हाला सवय लागली. खोल काळ्या रानाला मात्र पाणी प्यायला जमते, सोडायला जमत नाही. चर तुंबला की पाणी आतल्या आत वर चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि सोबत आलेले क्षार मातीवरच राहतात.

गेल्या फेब्रुवारीत आमचे थोरले चुलते, तात्या, खालच्या तुकड्यात उकिडवे बसले. सरीच्या तळाशी ओल होती, पण वरंब्याच्या माथ्यावर पिठी सांडावी तसा पांढरा पापुद्रा धरला होता. त्यांनी तो नखाने उचलला, जिभेला लावला आणि थुंकून म्हणाले, “मीठ फुटलंय. चर बघायला पाहिजे.”

बघायला फार लांब जावे लागले नाही. दोन सऱ्या जास्त बसाव्यात म्हणून काही वर्षांपूर्वी आम्हीच बांध सरकवून चर निम्मा केला होता. वरच्या शेजाऱ्याला नावे ठेवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने ज्या भूमिगत निचरा पद्धतीवर काम केले आहे, त्यात छिद्रांचे नळ जमिनीत साधारण मीटरभर खोल पुरतात. पण उताराच्या रानात त्या नळांचे पाणीही शेवटी उघड्या चरातच सोडावे लागते. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या, रानात जिप्सम टाकायचे, तरी सुटलेले क्षार वाहून न्यायला आधी वाट हवी.

जेसीबीने दिवसभर गाळ उपसला. संध्याकाळी चहाच्या रंगाचे पाणी खेकड्यांच्या बिळांवरून ओढ्याकडे हळूहळू सरकू लागले. तात्या बराच वेळ ते बघत उभे राहिले आणि मग चिखलाचे हात धुवायला पाटावर गेले.