रामबागेला दोनदा लागलेला दंड

आमच्या एका गिऱ्हाइकाचे इंदूरात क्लासेस आहेत, चार शाखा. अकरा तारखेला, फी थकवणाऱ्यांच्या बिलावर ५० रुपये दंड चढवायचा, हे माझ्या पीएसक्यूएल स्क्रिप्टचं काम. पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरला आज्ञा पाठवणारं साधन.

डिसेंबरात रामबाग शाखेतून बाईंचा फोन आला, "दादा, दंड १०० कसा?" मी राजेंद्रनगर शाखेला विचारलं. तिथे कुणालाच दंड नव्हता. तिकडून अर्थातच तक्रारही नव्हती.

स्क्रिप्ट साधी. शाखेच्या नावावरून क्रमांक शोधायचा, क्वेरीच्या शेवटी सेमीकोलनऐवजी बॅकस्लॅश-जीसेट. क्रमांक व्हेरिएबलमध्ये बसतो, पुढच्या अपडेटमध्ये त्याच्या नावाआधी कोलन लावला की झालं. आधी रामबाग, मग राजेंद्रनगर, मग बाकीच्या. लॉगमध्ये राजेंद्रनगरपाशी जीसेटची कुरकुर होती, एकही ओळ मिळाली नाही म्हणून. त्याच्याच खाली अपडेट मात्र बिनबोभाट झालेलं.

ऑफिसातले काका खुर्ची ओढून बसले. "अरे भिया, ओळ नाही मिळाली तर जीसेट व्हेरिएबलला हात लावत नाही. जुनंच राहतं." म्हणजे रामबागेचा क्रमांक. मी इतकी वर्षं समजत होतो, ते रिकामं होतं! ओळ मिळून तिच्यात नल, म्हणजे मूल्यच नसेल, तरच व्हेरिएबल पुसलं जातं.

"पण मी बिगिन-कमिट घातलंय ना, काका? मध्ये काही चुकलं तर सगळंच रद्द व्हायला हवं."

"सर्व्हरला कुठे कळलंय काही चुकलं ते? क्वेरी चाललीच की. शून्य ओळी ही पीएसक्यूएलच्या घरातली भानगड."

आणि ऑन-एरर-स्टॉप, म्हणजे चूक झाली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय, मुळात बंदच असतो. मी तो कधी चालू केला नव्हता.

आता ओळ का मिळाली नाही? अर्धा तास मी त्या नावाकडे बघत होतो. गिऱ्हाइकाच्या ऑपरेटरने शाखांची नावं नव्याने टाकली होती, हिंदी वळणाने: राजेन्द्रनगर. माझ्या स्क्रिप्टमध्ये मराठी अनुस्वार. वाचताना जीभ अडखळत नाही, पण क्वेरीतल्या बरोबरच्या (=) चिन्हाला दोन्ही वेगळे.

स्क्रिप्टच्या डोक्यावर ऑन-एरर-स्टॉप चढवला. प्रत्येक जीसेटआधी अनसेट, म्हणजे जुनं व्हेरिएबल पुसायचं. आता ओळ मिळाली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि कधी थांबली नाही, तरी कोलनसकट नाव तसंच सर्व्हरकडे जातं आणि तो ते फेकून देतो. शाखाही नावाऐवजी कोडने शोधतो.

रामबागेतल्या एका पालकांनी तोवर १०० भरून टाकले होते. त्यांचे ५० जानेवारीच्या फीत वळते केले.